तक्ता सात महिने हिरवा, अर्जदार मात्र ताटकळत: सरकारी कार्यालयाची चपळता मोजायची कशी?

टेबल_चार (धागाकर्ती)

नमस्कार. मी एका परवाने देणाऱ्या सरकारी कार्यालयात अकरा वर्षं आहे. धोकादायक माल साठवणाऱ्या गोदामांना आमचा परवाना लागतो. प्रश्न लांबलचक आहे, पण तपशील न देता विचारलं तर उत्तरंही मोघम येतील, म्हणून सगळं लिहिते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयाला उत्कृष्टतेचं मानांकन मिळालं. त्यासाठी आम्ही खरोखर राबलो होतो. प्रत्येक कामाचा टप्प्याटप्प्याचा आराखडा भिंतीवर लागला. अर्ज किती दिवसांत निकाली निघाले याचा तक्ता दर सोमवारी येऊ लागला. लागणारे दिवस निम्म्यावर आले. यात बनवाबनवी नव्हती. नेहमीचा अर्ज पूर्वीपेक्षा खरंच लवकर सुटत होता, अर्जदारही तसं सांगायचे.

मग लिथियम बॅटऱ्यांच्या साठ्याचे अर्ज येऊ लागले. आमच्या अर्जात मालाचा प्रकार यादीतून निवडावा लागतो: ज्वलनशील द्रव, दाबाखालचा वायू, स्फोटक, आम्ल वगैरे. बॅटरी यातल्या कशातच बसत नाही. पहिला अर्ज आला त्याच आठवड्यात खिडकीवरच्या लिपिकाने मला विचारलं, "मॅडम, हे कशात टाकू?" मी म्हटलं, वर विचारून सांगते. टिपणी लिहिली. ती सहा टेबलं फिरून "नियमात तरतूद नाही, अभिप्राय मागवावा" असा शेरा घेऊन परत आली. अभिप्राय मागवला. ज्यांच्याकडे मागवला त्यांनी तो आणखी एका विभागाकडे पाठवला. यादीत एक ओळ वाढायला सात महिने गेले.

त्या सात महिन्यांत त्या अर्जांचं काय केलं? "मालाचा प्रकार नमूद नाही" असं त्रुटीपत्र लावून परत पाठवले. त्या पत्रांवर सही माझी आहे. आणि परत गेलेला अर्ज आमच्याकडे प्रलंबित धरत नाहीत, त्यामुळे सोमवारचा तक्ता सातही महिने हिरवा राहिला. माल कुठेतरी ठेवला जातच होता, परवान्याशिवाय, तपासणीशिवाय. आग लागली नाही हे नशीब. पण मला ती पत्रं अजून आठवतात.

आता पुढच्या वर्षाच्या आराखड्यात "संघटनात्मक चपळता" असं प्रकरण हवं आहे आणि ते लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. चपळतेमुळे कामगिरी सुधारते आणि त्यातून उत्कृष्टता येते, असं सगळीकडे वाचायला मिळतं. पण ती येते कुठल्या वाटेने? आमचं कार्यालय वेगवान होतं, मानांकित होतं, आणि तरी जिथे गरज होती तिथे जागचं हललं नाही. शिवाय आम्ही नियमाने बांधलेले. दुकानदाराला वाटलं तर तो उद्यापासून नवा माल ठेवू शकतो, मला नवा प्रकार यादीत घालता येत नाही. अशा ठिकाणी चपळ व्हायचं म्हणजे नेमकं काय बदलायचं? ज्यांनी प्रत्यक्ष केलं आहे त्यांच्याकडून ऐकायचं आहे.

प्रबंध_चालू

याच विषयावर माझा प्रबंध चालू आहे, म्हणून शब्दापुरतं थोडं सांगते. ही कल्पना आधी कारखान्यांकडून आली. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठाच्या आयाकोका इन्स्टिट्यूटने तिथल्या उत्पादनक्षेत्रावर अहवाल काढला, तेव्हापासून 'चपळ संस्था' हा शब्द रुळला. चपळ पद्धतीने काम करण्याचा सॉफ्टवेअरवाल्यांचा जाहीरनामा त्यानंतर दहा वर्षांनी, २००१ मध्ये आला. पुढे व्यवस्थापनाचे अभ्यासक डेव्हिड टीस यांनी संस्थेच्या बदलण्याच्या ताकदीचे तीन भाग पाडले: बदलाची चाहूल लागणं, संधी किंवा धोका दिसल्यावर निर्णय घेणं आणि त्यानुसार स्वतःची घडी बदलणं.

या तीन भागांत तुमची गोष्ट घालून बघा. चाहूल पहिल्याच आठवड्यात लागली. घडी बदलायचं काम तर यादीत एक ओळ घालण्याएवढंच होतं. अडलं ते मधल्या पायरीवर.

उत्कृष्टतेच्या चौकटींनाही हे माहीत नाही असं नाही. १९८७ च्या कायद्याने सुरू झालेल्या अमेरिकेच्या बाल्ड्रिज या गुणवत्ता पुरस्काराच्या मूल्यांमध्ये चपळता आहे. संस्थांची गुणवत्ता मोजणाऱ्या युरोपच्या ईएफक्यूएम चौकटीत बराच काळ नऊ निकष होते, त्यात पाच 'कसं करता' याचे आणि चार 'काय साधलं' याचे. पण मूल्यमापक कार्यालयात येतात तेव्हा लिहून ठेवलेलं तेवढं त्यांना दिसतं. जो अर्ज यादीत बसला नाही तो कागदावर नसतोच.

संगणककक्ष

मी सरकारी प्रणाली बांधण्याच्या कामात आहे, त्यामुळे माझं उदाहरण त्यातलं. पण ते तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळचं वाटतं.

अमेरिकेच्या एफबीआयला तपासाच्या फायली कागदावरून संगणकावर आणायच्या होत्या. पहिला प्रयत्न २००५ मध्ये सोडून दिला, तोवर सुमारे १७ कोटी डॉलर खर्च झाले होते. २००६ मध्ये 'सेंटिनेल' नावाने दुसरा सुरू केला, बाहेरच्या कंत्राटदाराकडे, चार टप्प्यांत. २०१० पर्यंत पैशाचा बराच मोठा भाग संपला होता आणि काम निम्म्याच्या आसपास होतं. तेव्हा एफबीआयने काम स्वतःच्या हातात घेतलं. कंत्राटी माणसं सुमारे २२० वरून ४० वर आणली, स्वतःची सुमारे ३० वरून १२ वर. दर दोन आठवड्यांनी चालणारा एक तुकडा तयार करायचा आणि तो प्रत्यक्ष वापरणाऱ्यांना दाखवायचा, अशी पद्धत लावली. जुलै २०१२ मध्ये प्रणाली सगळ्यांसाठी सुरू झाली.

ही गोष्ट लोक 'छोटी टोळी, मोठं यश' म्हणून सांगतात. माझ्या मते तिचा गाभा दुसरीकडे आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये शेकडो कर्मचाऱ्यांना बसवून चाचणी घेतली तेव्हा प्रणाली दोनदा बंद पडली. जुन्या पद्धतीत हेच शेवटच्या दिवशी कळलं असतं. इथे आधी कळलं. कारण कळलं, जुनी यंत्रसामग्री अपुरी पडत होती. ती बदलली, सुरुवात पुढे ढकलली. वाईट बातमी लवकर येईल अशी वाट त्यांनी मुद्दाम खणून ठेवली होती.

याच्या उलट हेल्थकेअर डॉट गव्ह, अमेरिकी सरकारचं आरोग्य विमा घेण्यासाठीचं संकेतस्थळ. १ ऑक्टोबर २०१३ ला ते देशभर एकदम उघडलं आणि पहिल्या दिवशी सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. सहा. धोक्याच्या सूचना आधी आल्या होत्या, पण तारीख हलवायची आणि व्याप्ती कमी करायची ताकद कोणा एकाकडे नव्हती.

तुमच्या तक्त्यात वाईट बातमीला जागाच नव्हती. मी असतो तर आराखड्याचं पहिलं पान त्याच्यावर लिहिलं असतं.

माजी_अग्निशमन

ताई, तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: "वर विचारून सांगते." अग्निशमन सेवेत एकोणतीस वर्षं काढली, त्यामुळे बॅटऱ्यांबद्दलही बोलेन आणि या वाक्याबद्दलही.

आधी बॅटऱ्या. तुम्हाला यादीत जी ओळ हवी होती ती दुसऱ्या यादीत आधीपासून होती. धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांचं जे वर्गीकरण आहे त्यात लिथियम बॅटऱ्या नवव्या वर्गात येतात, लिथियम-आयन बॅटऱ्यांचा क्रमांक ३४८०. खोका गोदामाच्या दारात येईपर्यंत त्याच्यावर तो क्रमांक छापलेला असायचा. ट्रकवाल्याला माहीत, बंदरावरच्या माणसाला माहीत. तुमच्या लिपिकाला हे शोधायची मुभा आणि अर्धा तास मिळाला असता तर त्याने शोधलं असतं. या आगीचं वैशिष्ट्यही सांगतो. विझली असं वाटतं, आणि तासांनी, कधी दिवसांनीसुद्धा, पुन्हा पेटते, कारण उष्णता बॅटरीतल्या पेशीच्या (सेलच्या) आतच तयार होत असते. म्हणून साठ्यात अंतर ठेवणं, जळालेला माल वेगळा काढून पाहऱ्यात ठेवणं याला महत्त्व. परवाना नाही म्हणजे हे सांगायलाही कोणी तिथे गेलेलं नसतं. तुम्हाला ती पत्रं आठवतात, ते योग्य आहे.

आता दुसरं. सरकारी काम आणि चपळता यांचं जमत नाही असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी आमच्या सेवेतलं उदाहरण देतो. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात तेरा दिवस वणवे पेटले होते. सोळा माणसं गेली, सुमारे सातशे इमारती जळल्या, पाच लाख एकर राख झालं. नंतर चौकशीत कळलं की माणसं आणि गाड्या कमी पडल्या नव्हत्या. अनेक खात्यांची पथकं आली होती. प्रत्येकाचे शब्द वेगळे, वायरलेसची कंपनसंख्या वेगळी, आणि हुकूम कोणी द्यायचा हे ठरलेलं नव्हतं. त्यातून 'इन्सिडेंट कमांड सिस्टिम' तयार झाली. आज ती अनेक देशांत वापरतात.

तिचे नियम अतिशय कडक आहेत, आणि कडक आहेत म्हणूनच माणसं पटकन वळू शकतात. घटनास्थळी जो पहिला पोचतो तो प्रमुख, मग तो सर्वांत कनिष्ठ असला तरी. वरिष्ठ आल्यावर जबाबदारी रीतसर हातात घेतो, तोवर निर्णय पहिल्याचे. एका माणसाच्या हाताखाली तीन ते सात माणसं, शक्यतो पाच. वाढली की नवी तुकडी. आग आटोक्यात आली की रचनाही आवळत आणायची. सगळ्यांनी एकच शब्द वापरायचे.

मी स्वतः एका गोदामाच्या आगीत पहिला पोचलेला होतो, नोकरीच्या चौथ्या वर्षी. आत काय आहे याची मालकाने दिलेली यादी आणि धुराचा रंग जुळत नव्हता. मी माणसं बाहेर काढली आणि लांबून पाणी मारायला लावलं. वरिष्ठ बावीस मिनिटांनी आले. त्यांनी विचारलं, का? मी धूर दाखवला. ते म्हणाले, ठीक, आता मी घेतो. एवढंच. मला त्या बावीस मिनिटांत कोणाला फोन करून परवानगी मागावी लागली नाही, आणि नंतर कोणी खुलासाही मागितला नाही, कारण तो अधिकार मला आधीच लिहून दिलेला होता.

तेव्हा 'चपळता' म्हटल्यावर मी अंतर बघतो: बदल ज्याला पहिल्यांदा दिसतो तो माणूस आणि निर्णय ज्याच्या हातात आहे तो माणूस, यांच्यात टेबलं किती? तुमच्याकडे सहा, अधिक दोन विभाग. मधली माणसं धावत काम करत असती तरी फार फरक पडला नसता. नेहमीच्या अर्जाचं अंतर तुम्ही कमी केलंत, म्हणून तो लवकर सुटतो. नव्या प्रकारच्या अर्जाचं अंतर तसंच राहिलं.

टेबल_चार (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. सर, नवव्या वर्गाचं वाचून मी खिडकीवरच्या आमच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, त्या आठवड्यात एका अर्जदाराने खोक्यावरचा क्रमांक त्याला दाखवलाही होता. पण "आमच्या यादीत नाही" एवढंच त्याच्या हातात होतं.

अंतराचं पटलं. पण एक भीती आहे आणि ती खरी आहे. आगीत निर्णय घेणाऱ्याला माघारी कोणी विचारत नाही असं तुम्ही म्हणता. आमच्याकडे विचारतात, चार वर्षांनी, जेव्हा त्या वेळचं काहीच कोणाला आठवत नसतं. माझ्या एका सहकाऱ्याने अडचणीतल्या अर्जदारासाठी एकदा वाजवी मार्ग काढला होता. निवृत्तीच्या वर्षी त्यावर आक्षेप आला आणि पुढची दोन वर्षं ते खुलासे लिहीत होते. ते बघितलेला कोणीही "वर विचारून सांगते" असंच म्हणणार. मी त्यांच्यातलीच आहे.

लाल_शाई

मी लेखापरीक्षणात आहे, म्हणजे ते आक्षेप काढणाऱ्यांच्या बाजूने. तुमच्या सहकाऱ्यांचं वाचून वाईट वाटलं, आणि असं होतं हे मला माहीत आहे.

मात्र आमच्याकडून काय दिसतं तेही ऐका. फाईल उघडल्यावर मी तीन गोष्टी शोधतो. निर्णय घेणाऱ्याला अधिकार होता का, तो कुठल्या कागदाने दिला होता. त्या दिवशी त्याच्यासमोर कोणती माहिती होती. आणि असाच दुसरा अर्जदार आला असता तर त्यालाही तेच मिळालं असतं का. या तिन्हींची उत्तरं फायलीत असतील तर निर्णय पुढे चुकीचा ठरला तरी मी आक्षेप काढत नाही. बहुतेक वेळा निर्णय चांगला असतो आणि कागद नसतो. मग कार्योत्तर मंजुरीची धावपळ होते, आणि कार्योत्तर मंजुरी म्हटल्यावर शंका येतेच.

म्हणून माझं मत असं की अधिकार खाली द्यायचा तर तो तोंडी देऊ नका. 'तात्पुरतं वर्गीकरण' असा एक आदेश काढा. यादीत न बसणारा माल आला तर अमुक पदावरच्या अधिकाऱ्याने मान्यताप्राप्त वर्गीकरणाचा आधार घ्यावा, सर्वांत जवळच्या आणि सर्वांत कडक प्रकाराच्या अटी लावाव्यात, ठरावीक मुदतीचा परवाना द्यावा, कारण एका पानात लिहावं, आणि ते पान सर्वांना दिसेल असं ठेवावं. मुदत संपायच्या आत वरच्यांनी कायम करावं किंवा रद्द करावं. मुदतीत काहीच कळवलं नाही तर काय होईल, हेही त्याच आदेशात लिहा. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त काम याच शेवटच्या वाक्याने होतं, आणि नेमकं तेच गाळलं जातं.

संगणककक्ष यांच्या मुद्द्याला एक पुस्ती. नुसती पद्धत आणून भागत नाही. ब्रिटनने युनिव्हर्सल क्रेडिट ही कल्याण योजना सुरुवातीला याच चपळ पद्धतीने बांधायला घेतली. सप्टेंबर २०१३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने लिहिलं की कंत्राटं, मंजुरीची उतरंड आणि देखरेख जुन्याच साच्यातली राहिली होती, आणि प्रकल्पात चांगली बातमी तेवढीच वर जाईल असं वातावरण होतं. ३.४ कोटी पौंडांची संगणक मालमत्ता निर्लेखित करावी लागली, म्हणजे हिशेबातून बुडीत म्हणून काढावी लागली. दोन आठवड्यांचे टप्पे होते, पण त्यांतून कळलेल्या गोष्टीवर निर्णय घेणारी साखळी तितकीच लांब होती.

संगणककक्ष

लाल_शाई, पूर्ण सहमत. माझ्या पहिल्या प्रतिसादात हे यायला हवं होतं. एफबीआयला जमलं त्याचं मोठं कारण हेच की कंत्राटाची रचनाच त्यांनी बदलली.

टेबल_चार, तक्त्याबद्दल एक. इंग्लंडमधल्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांना रुग्ण चार तासांत मार्गी लावायचं उद्दिष्ट होतं. थांबण्याची सरासरी सुधारली. पण रुग्ण नेमके कितव्या मिनिटाला बाहेर पडतात याचा आलेख काढला तर चौथा तास संपायच्या जरा आधी उंच सुळका दिसायचा. सरासरीत तो दिसत नाही. तुमच्याकडेही त्रुटीपत्रं मुदतीच्या कितव्या दिवशी निघतात ते एकदा मांडून बघा.

टेबल_चार (धागाकर्ती)

काल मांडलं. गेल्या दोन वर्षांची त्रुटीपत्रं काढली, कारणांनुसार ढीग लावले, तारखा लिहिल्या. मुदत तीस दिवसांची आहे. पत्रांचा सर्वांत मोठा गठ्ठा शेवटच्या चार दिवसांतला. त्यातली बरीच कारणं पहिल्या दिवशी खिडकीवरच सांगता आली असती. हे मी कोणावर ढकलत नाही, कित्येक पत्रांवर माझीच आद्याक्षरं आहेत.

प्रकरणाचा पहिला मसुदा आता असा आहे. चपळतेची व्याख्या वगैरे काढून टाकली. सोमवारच्या तक्त्यात एक स्तंभ वाढवायचा: 'यादीत न बसलेले', पहिल्या दिवसाच्या तारखेसह, आणि तो सर्वांत वर. खिडकीवर एक नोंदवही, तिच्यात लिपिकाने थेट लिहायचं आणि कार्यालयप्रमुखांनी दर आठवड्याला सही करायची, मधे कोणी नाही. लाल_शाई यांनी सांगितला तसा तात्पुरत्या वर्गीकरणाचा आदेश, अधिकार माझ्या पदाकडे. तो मसुदा लिहिताना हात अडखळला, कारण आता "वर विचारते" म्हणता येणार नाही. पण लिहिला. वरच्यांनी मुदतीत कळवलं नाही तर परवाना आणखी एकदा तेवढ्याच मुदतीने, त्याच अटींवर, तपासणी करून वाढेल, असं घातलं आहे.

नोंदवहीचं आमच्या लिपिकाला सांगितलं तेव्हा त्याने खणातून स्वतःची डायरी काढली. कशातच न बसलेले अर्ज तो किती वर्षं टिपून ठेवत होता. बॅटऱ्यांच्या आधीचीही दोन नावं तिच्यात होती, आणि एक मागच्याच महिन्यातलं, ज्याबद्दल मला अजून काहीच माहीत नव्हतं. त्याला कधी कोणी विचारलंच नव्हतं, मीही नाही. ती डायरी मी परवा साहेबांकडे घेऊन जाणार आहे, त्यालाही सोबत घेऊन.

एक शंका राहिली. त्रुटीपत्रानंतर अर्जदार पुन्हा आला तर दिवस मूळ तारखेपासून मोजायचे की नव्या? मूळ तारखेपासून मोजले तर आमचा तक्ता एका रात्रीत लाल होईल आणि मानांकनाच्या फेरतपासणीला तोच जाईल.

लाल_शाई

मूळ तारखेपासून. दोन्ही आकडे ठेवा, पण मूळ तारखेचा आधी. आणि फेरतपासणीला तक्ता पाठवताना सोबत एक पत्र जोडा: मोजणी कधी बदलली, का बदलली, जुन्या पद्धतीने आकडा किती आला असता. ते पत्र तक्त्याच्या आधी पाठवा, त्यांनी विचारल्यावर नको.

माजी_अग्निशमन

आणि मागच्या महिन्यातलं ते तिसरं नाव काय आहे ते इथे लिहा किंवा मला निरोप पाठवा. साठा कसा ठेवायचा ते आजच सांगता आलं तर परवान्याची वाट बघायला नको.